सक्करदऱ्याची अभ्यासिका, सीट नंबर ४१

मी साठ वर्षांचा आहे आणि गेले चौदा महिने सक्करदरा तलावाजवळच्या एका अभ्यासिकेत महिन्याला ८५० रुपये भरून बसतो आहे. अभ्यासिकेचं नाव लिहीत नाही. मालकांना विचारलं होतं. "नाव नका टाकू जी गुरुजी, जागा अशाही भरल्याच आहेत, उगीच फोन येत राहतील," म्हणाले. सक्करदरा, नंदनवन, रेशीमबाग, हनुमाननगर या पट्ट्यात अशा अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. एकीबद्दल लिहिलेलं बहुतेकींना लागू पडेल.

मी कसा काय तिथे पोचलो ते आधी सांगतो. चौतीस वर्षं सरकारी शाळेत शिक्षक होतो, बहुतेक काळ कुही तालुक्यातल्या गावांत. निवृत्त झाल्यावर मनात राहून गेलेलं एम.ए. करायचं ठरवलं, विषय इतिहास, नागपूर विद्यापीठातून बाहेरून. घर दोन खोल्यांचं. त्यात दोन नातवंडं आणि शेजारी चाललेलं बांधकाम. बायको म्हणाली, "पोट्टे बसतात ना त्या अभ्यासिकेत, तिथं जाऊन बसा." पहिल्या दिवशी मालकांनी वही पुढे केली आणि विचारलं, "कोणत्या एक्झामची तयारी करून राहिले जी?" एम.ए. म्हटल्यावर त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. मग खिडकीजवळची ४१ नंबरची सीट दिली.

सोयी सांगतो. किराणा दुकानाच्या वर दुसरा मजला. जिना अरुंद आहे, समोरून कोणी आलं तर एकाला कठड्याला चिकटून उभं राहावं लागतं. एकूण ६४ सीटा. मोठ्या हॉलमध्ये ४२, मुलींच्या वेगळ्या खोलीत २२. प्रत्येक सीटला तिन्ही बाजूंनी प्लायवूडचा आडोसा, वर छोटी ट्यूब, एक प्लग, खाली कुलपाचा कप्पा. कप्प्याचे शंभर रुपये वेगळे. फिक्स सीट ८५०, रोज मिळेल तिथे बसायचं असेल तर ६००. सकाळी सहा ते रात्री दहा सगळ्यांना, त्यानंतर फक्त मोठा हॉल चालू असतो. मुलींची खोली रात्री दहाला बंद होते आणि याबद्दल मुलींची नाराजी रास्त आहे, पैसे त्या तेवढेच देतात. पिण्याच्या पाण्याला फिल्टर आहे आणि तो खरोखर चालतो. इन्व्हर्टरवर दिवे चालतात, कूलर चालत नाही. मे महिन्यात नागपुरात दुपारी वीज गेली आणि कूलर थांबला की वीस मिनिटांत हॉलमधली हवा भाकरीच्या तव्यासारखी तापते. तरी कोणी उठत नाही. ओला रुमाल मानेवर टाकतात आणि पान उलटतात. चौतीस वर्षांत माझ्या वर्गात असा अभ्यास मी पाहिला नव्हता. ही मुलं आळशी आहेत असं कोणी म्हणालं, तर त्याला मे महिन्यात एक दुपार इथे आणून बसवावं.

दाराशी वर्तमानपत्रांचा स्टँड आहे. लोकमत, तरुण भारत, देशोन्नती, लोकसत्ता आणि हितवाद. त्याच्या शेजारी एक लोखंडी रॅक, त्यावर सोडून गेलेल्या मुलांची पुस्तकं. ज्याला हवं त्याने घ्यावं, वाचून परत ठेवावं. या रॅकमुळेच मी हे सगळं लिहायला बसलो आहे.

पहिल्या आठवड्यात मी त्या रॅकपाशी उभा राहिलो आणि चकित झालो. सगळी बालभारतीची पुस्तकं. पाचवीचा परिसर अभ्यास, सहावीचा भूगोल, सातवीचा इतिहास, आठवीचं नागरिकशास्त्र, दहावीचं विज्ञान. सहावीचं गणित तर तीन प्रतींत. जी पुस्तकं मी जन्मभर हाताळली, त्यांची पानं वाचून वाचून मऊ झालेली. हिरव्या पेनने एक अधोरेखन, त्यावर लाल, त्यावर पिवळा हायलायटर. समासात बारीक अक्षरात टिपणं. माझ्या शाळेत वर्षाच्या शेवटी ही पुस्तकं परत घ्यायचो, तेव्हा निम्म्यांची मागची पानं कोरी करकरीत असायची. आणि इथे पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलं, बी.एस्सी., बी.कॉम., बी.ई. झालेली, सहावीचा भूगोल असा वाचत होती जसा तो सहावीत वाचायला हवा होता.

एमपीएससीची तयारी करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पाचवी ते बारावीची राज्य मंडळाची पुस्तकं म्हणजे पाया, हे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. मला मात्र ते माहीत नव्हतं. ज्या पुस्तकांचा मी पगार घेतला, ती मुलं आयुष्यात दुसऱ्यांदा वाचायला येतात आणि तीही स्वतःच्या खर्चाने, ही गोष्ट मला साठाव्या वर्षी कळली.

एका संध्याकाळी उमरेडची मुलगी माझ्याकडे आली. तिथे गावाच्या नावानेच ओळखतात सगळ्यांना. मी शिक्षक होतो हे एव्हाना पसरलं होतं. तिच्या हातात सीसॅटचा, म्हणजे एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेतल्या कल चाचणीच्या पेपरचा, प्रश्नसंच होता. प्रश्न असा, की वस्तूचा भाव २५ टक्के वाढला, तर खर्च तेवढाच ठेवायला वापर किती टक्के कमी करावा लागेल? सूत्र तिला पाठ होतं आणि उत्तर २० येतं हेही माहीत होतं. "पण सर, पंचवीसने वाढलं तर पंचवीसने कमी का नाही करायचं, हे समजून नाही राहिलं."

मी म्हटलं, संत्री घे. डझनाचा भाव ८० रुपये. पाच डझन घेतले, किती झाले? "चारशे." भाव पंचवीस टक्के वाढला. "शंभर रुपये डझन." तुझ्याजवळ पैसे चारशेच आहेत. "चार डझन येतील." आधी किती यायचे? "पाच." मग गेले किती? ती गप्प झाली. पाचातला एक, असं पुटपुटली. मग म्हणाली, "म्हणजे वीस टक्के." आणि प्रश्नसंच मिटून तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "सर, हे सहावीत का नाही सांगितलं कोणी?"

ती भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आहे, पहिल्या श्रेणीत. तिचे सहावीचे गुरुजी कोण होते मला ठाऊक नाही. पण मी कोण होतो ते मला ठाऊक आहे. शेकडेवारी, जिला पुस्तकात शतमान म्हणतात, मग नफा-तोटा, मग सरळव्याज, हे धडे पुस्तकाच्या शेवटाकडे येतात. म्हणजे शाळेत ते जानेवारी-फेब्रुवारीत पडतात. एका वर्षी निवडणुकीच्या ड्युटीवरून परतल्यावर मी हे तिन्ही धडे अकरा दिवसांत उरकले होते. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकाला लावायची मुभा ठेवलेली आहे, त्यामुळे तक्रार कोणाकडे करायची? पण संत्र्याचं उदाहरण द्यायला अकरा दिवसांतही पाच मिनिटं निघाली असती. माझ्या तपासणीच्या वहीत 'घटक पूर्ण' असं लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. त्या वर्गातल्या ३१ मुलांपैकी किती जण आज कुठल्या अभ्यासिकेत शतमान शोधत बसले असतील, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

शिकलेला माणूस झोप आली नाही की हिशेब मांडतो. मीही मांडला.

निवृत्तीच्या वर्षी माझा पगार महिन्याला ७८ हजार होता, म्हणजे वर्षाचे ९ लाख ३६ हजार. पटावर ३१ मुलं. नुसत्या माझ्या पगाराचे एका मुलामागे वर्षाला ३० हजारांवर रुपये झाले. इमारत, खिचडी, पुस्तकं, गणवेश वेगळे. सहावी ते आठवीला कायद्याने वर्षाचे २२० दिवस शाळा भरायला हवी. म्हणजे रोजचे १३७ रुपये समाज एका मुलामागे माझ्या हातात ठेवत होता. त्यात माझ्या स्वतःचेही होते. माझ्या आयकरावर २००४ पासून शिक्षण उपकर कापला गेला, आधी २ टक्के, मग ३, आणि २०१८ पासून आरोग्य धरून ४. आठ वर्षांच्या शाळेचे, याच दराने, एका मुलामागे दोन लाख चाळीस हजार होतात.

आता अभ्यासिकेची बाजू. सीटचे दिवसाला २८ रुपये. स्वस्त आहे. पण मुलगा काटोलहून किंवा सावनेरहून आला असेल, तर खोलीचं भाडं वाटून अडीच हजार, डब्याचे अठ्ठावीसशे, सीट, टेस्ट सिरीज, फॉर्मच्या फिया, येणं-जाणं. महिन्याला सात हजारांच्या खाली कोणाचंच भागत नाही, मी एकेकाला विचारून पाहिलं. चार वर्षांचे तीन लाख छत्तीस हजार. आणि या चार वर्षांत तो कमवत नाही. महिन्याला साधे पंधरा हजार धरले, तरी सात लाख वीस हजार बुडतात. दोन्ही मिळून साडेदहा लाखांवर जातात. ज्या धड्याला आठ वर्षांच्या शाळेत दोन-अडीच लाखांत बसवता आलं असतं, तोच धडा पक्का करायला घराला दहा लाख लागले, मध्ये शिकवणीचे आणि कॉलेजचे गेले ते सोडून. एकच धडा आपण तीनदा विकत घेतो आहोत. पहिल्यांदा करातून, दुसऱ्यांदा फीतून, तिसऱ्यांदा तरुणपणातून.

तलाठ्यांची २०२३ ची भरती आठवत असेल. ४,६४४ जागा आणि दहा लाखांहून जास्त अर्ज. एका जागेमागे दोनशेच्या वर माणसं. आमच्या अभ्यासिकेत जिन्याच्या तोंडाशी एक फ्लेक्स आहे, निवड झालेल्यांचे फोटो, गळ्यात हार. सहा वर्षांत नऊ फोटो. तीन तलाठी, दोन पोलीस शिपाई, दोन लिपिक, एक वनरक्षक, एक राज्य कर निरीक्षक. मालकांनी जुन्या वह्या दाखवल्या, त्यात सहा वर्षांत ५८० नावं आहेत. उरलेले ५७१ कुठे गेले ते वहीत लिहिलेलं नसतं.

शिक्षणावर समाज खर्च करतो तो सार्थकी लागतो का, हा प्रश्न इथे ८५० रुपये भरून बसल्यावर मला जितका टोचला तितका नोकरीत कधी टोचला नाही. एम.ए.च्या अभ्यासात तो पुन्हा पुन्हा समोर येतो, कारण हा प्रश्न जुना आहे. १८८२ मध्ये, इंग्रज सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी हेच मांडलं होतं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे झुकतो, गावातल्या प्राथमिक शाळेकडे कोणी पाहत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, चांगले पगार देऊन चांगले शिक्षक नेमा, असं त्यांनी सांगितलं. शिक्षण नको असं ते म्हणत नव्हते. पैसा खाली, पहिल्या पायरीवर टाका म्हणत होते.

आणि दाराशी स्टँडवर जो हितवाद ठेवलेला असतो, तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये नागपुरात सुरू केला. त्याच वर्षी गोखल्यांनी केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. विरोधाच्या कारणांत पैशाचंही कारण होतं. शिक्षण हक्क कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडला. ९९ वर्षं. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, आणि २०२० च्या धोरणात तेच ६ टक्के पुन्हा लिहावे लागले. मी सकाळी तो पेपर उचलतो तेव्हा हे आठवल्याशिवाय राहत नाही. शेजारी एखादा मुलगा त्यातले अग्रलेख इंग्रजी सुधारायला कापून वहीत चिकटवत असतो.

माझं मत एव्हाना कळलं असेल. पहिल्या आठ वर्षांवर आपण टाकतो तो पैसा वाया जात नाही, तो कमी पडतो आणि घाईत सांडतो. खरी उधळपट्टी पुढे आहे. सीसॅटच्या अभ्यासक्रमात अंकगणिताची पातळी दहावीची, असं लोकसेवा आयोगाने स्वतः लिहिलं आहे. आणि तो पेपर द्यायला पदवी लागते. म्हणजे फॉर्म भरायला पदवी, सोडवायला दहावी. मग मधली पाच वर्षं कशासाठी? आमच्या अभ्यासिकेत बी.ई. झालेले सात जण आहेत. त्यातल्या एकालाही मी चार वर्षांत शिकलेलं काही वापरताना पाहिलं नाही. ते जेव्हा पदवीच्या पुस्तकांबद्दल बोलतात, तेव्हा ती विकून किती आले एवढंच बोलतात. ज्या पदाच्या परीक्षेला दहावी-बारावीचं ज्ञान पुरतं, त्या पदाला पदवीची अट ठेवू नये. तसं झालं तर निदान निम्मी घरं कर्जातून वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

हेच मी एकदा खाली टपरीवर जोरात बोललो. समोर तर्री पोह्यांची गाडी लागते, तिथे सात-आठ जण होते. काटोलचा मान डोलावत होता. उमरेडची मात्र चहाचा कप हातात धरून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "सर, तुमचा हिशेब पोरांचा आहे."

मी विचारलं, म्हणजे?

ती म्हणाली, बारावीनंतर नोकरीची परीक्षा देता आली असती, तर माझा नंबर लागला नसता, कारण तेव्हा मला काहीच येत नव्हतं. आणि बारावीला थांबले असते, तर अठराव्या वर्षी लग्न झालं असतं. बी.एस्सी.ची तीन वर्षं रोज एसटीने येत-जात होते, त्यात मी नागपूर पाहिलं, एकटीने बँकेत खातं उघडलं, डॉक्टरकडे एकटी जायला शिकले. आता घरात कोणी विचारलं तर आई सांगते, 'ते शिकून राहिली.' एवढ्या शब्दावर मला अजून दोन वर्षं मिळतील.

माझ्या साडेदहा लाखांच्या हिशेबात ही ओळ कुठेच नव्हती. मी चौतीस वर्षांत किती मुलींच्या घरी गेलो होतो, सातवीनंतर शाळा सोडू नका म्हणून विनवायला! आईबापांना सांगायचो, शिकली तर नोकरी लागेल. नोकरी लागणार नाही हे मला तेव्हाही अंधुक कळत होतं. पण एसटीचा पास, स्वतःचं खातं, आणि 'शिकून राहिली' या दोन शब्दांचं कवच हेही शाळा-कॉलेज देतं, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. मला ते सुचलंच नव्हतं. पदवीची अट काढा हे माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. पण आता ते बोलताना तिचा चेहरा समोर येतो आणि मी आधी विचारतो, मग मुलींना ही वर्षं कुठून देणार? याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

दसऱ्याच्या दिवसांत दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. आम्ही चौघेपाच जण अभ्यासिकेतून गेलो होतो. डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बाया, पायात चप्पल नसलेली म्हातारी माणसं, आणि पिशवीत पुस्तकं. मी एका आजीला पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, मुखपृष्ठावरचा फोटो पाहून पुस्तक निवडत होती आणि नातवाकडून किंमत वाचून घेत होती. माझी आई अशीच अंगठा लावायची. मी सरकारी शाळेत शिकलो, सरकारी पैशावर डी.एड. झालो, आणि तिच्या पेन्शनच्या कागदावर पुढे मी सही करायला शिकवलं तिला, पासष्टाव्या वर्षी. शिक्षणावरचा खर्च फुकट जातो असं मला कोणी सांगायला आलं, तर ती वाकडी सही मी दाखवीन. माझ्याकडे तो कागद आहे.

अभ्यासिकेकडे परत येतो, कारण जागा शोधणाऱ्यांना हेही कळायला हवं. खुर्च्या वाईट आहेत. प्लास्टिकच्या, वर पातळ गादी, तीन महिन्यांत कंबर धरते. घरून उशी न्या. मोठ्या हॉलला स्वच्छतागृह एकच आहे आणि सकाळी सात ते आठ रांग असते. गणपतीत खालच्या रस्त्यावर स्पीकर लागतात, ते दहा दिवस वाचनाचे नाहीत असं धरून चाला. फोन सायलेंट ठेवायचा नियम आहे आणि तो सगळे पाळतात. एकदा एकाचा फोन वाजला, तर तो स्वतःच उठून बाहेर गेला आणि तासभर परत आला नाही. मालक महिन्याचे पैसे पाच तारखेपर्यंत थांबतात, आणि कोणाच्या घरी अडचण असेल तर त्याहून पुढेही. तीन मुलांकडून त्यांनी परीक्षेपर्यंत पैसेच घेतले नाहीत. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही, वहीत रिकामे रकाने दिसले म्हणून मी विचारलं. ते स्वतः दहावी झालेले आहेत. "मी शिकलो नाही जी गुरुजी, पण शिकणाऱ्याले जागा तर देऊ शकतो," म्हणाले. माझ्याकडून पाचपैकी चार तारे, पाचवा खुर्च्या बदलल्या की.

जानेवारीपासून रविवारी सकाळी गच्चीवर गणित घेतो. पहिल्या रविवारी चौघं आली होती, आता एकोणीस येतात. मालकांनी जुना फळा आणून दिला. अपूर्णांकापासून सुरुवात केली. बी.कॉम. झालेल्या मुलाने पहिल्या दिवशी मला विचारलं, पाव आणि एक तृतीयांश यात मोठा कोणता. विचारताना त्याने आजूबाजूला पाहिलं, कोणी हसतंय का. कोणी हसलं नाही. मी भाकरी काढली फळ्यावर, चौघांत वाटली, मग तिघांत वाटली. शिक्षक म्हणून जेवढा वेळ मला एका धड्याला कधीच मिळाला नाही, तेवढा इथे मिळतो. कोणी तपासायला येत नाही, घटक पूर्ण झाला का विचारत नाही. जून महिन्यात शतमानावर आलो. पाच रविवार लागले. पाच रविवारांचे मिळून जेमतेम दहा तास. ३१ मुलांच्या वर्गात हे दहा तास काढणं इतकं अवघड का होतं, याचा मी अजून विचार करतो आहे. पट जास्त होता, कामं जास्त होती, हे सगळं खरं आहे. आणि थांबून विचारायची हिंमत आम्ही मुलांना दिली नव्हती, हेही खरं आहे.

काटोलचा गेल्या महिन्यात गेला. चार वर्षं आणि तीन महिने बसला होता, दोनदा पूर्वपरीक्षा पास झाला, एकदा मुख्य परीक्षेत साडेचार गुणांनी राहिला. वडिलांना संत्र्याच्या बागेत आता एकट्याने होत नाही, म्हणाला. कप्पा रिकामा केला, किल्ली मालकांना दिली, आणि पुस्तकं रॅकवर लावू लागला. मी मदतीला गेलो. सहावीचं गणित त्याच्या धाकट्या भावाचं होतं, शाळेतून मोफत मिळालेलं, आतल्या पानावर शाळेचा शिक्का. पुढची पानं पोरकट रेघोट्यांनी भरलेली. मागची, शतमानापासूनची, भावाच्या हातात होती तोवर कोरीच राहिली असावीत. आता त्यांच्यावर काटोलच्याचं बारीक, नेटकं अक्षर होतं. एका समासात त्याने पाच गोल काढले होते आणि त्यातला एक खोडला होता. खाली लिहिलं होतं, संत्री.

"हे ठेवू का तुमच्याजवळ, सर?" त्याने विचारलं. "रविवारी कामी येईल."

मी ठेवलं. सीट नंबर ४१ च्या कप्प्यात आहे. त्याची २७ नंबरची सीट त्याच संध्याकाळी भिवापूरच्या एका मुलाने घेतली. पहिल्या दिवशी त्याने रॅकवरून पाचवीचा परिसर अभ्यास उचलला. या रविवारी मी त्याला वर बोलावलं आहे.